बँडची विद्या आणि बँडवाल्याची जात

आपल्याकडे संगीतावर लिहिले जाते तेव्हा घराणी येतात, नाट्यसंगीत येते, भावगीत येते. अलीकडे लोकसंगीतही येते. बँड मात्र येत नाही. शास्त्रीय संगीताच्या जाणकाराला तो गोंगाट वाटतो. लोककलेच्या अभ्यासकाला तो भ्रष्ट वाटतो, कारण त्याची वाद्ये विलायती आणि गाणी सिनेमाची. आणि आपल्या चळवळीतल्या माणसाला त्याची थोडी लाज वाटते, कारण वरातीपुढे घाम गाळत वाजवणारा माणूस बहुधा आपल्यातलाच कुणीतरी असतो. अशा रीतीने तिन्हीकडून नाकारलेली ही माणसे दुसऱ्यांनी रचलेली, दुसऱ्यांनी गायिलेली गाणी दुसऱ्यांच्या आनंदासाठी वाजवीत राहिली. त्यांचे जगणे कसे चालते, त्यांची विद्या नेमकी कशात आहे, हे कुणी विचारले नाही.

१९७८ ते १९९० अशी बारा वर्षे मी सोलापूर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी बँडात क्लॅरिनेट वाजवीत होतो. माझे वडील त्याच बँडात ढोल वाजवीत. माझे आजोबा गावची हलगी वाजवीत. पुढे मी शिक्षक झालो आणि बँड सुटला. तेव्हा इथे जे सांगणार आहे ते आतून पाहिलेले आहे. ते सांगण्यामागे एक प्रश्नही आहे. गावाने लादलेले वाजवणे आपण टाकले, ते टाकायलाच हवे होते; पण त्याबरोबर वाजवण्याची विद्याही टाकून द्यायची काय?

प्रथम हलगीविषयी. गावगाड्यात मातंगाने हलगी वाजवायची, होलाराने सनई-सूर धरायचा, ही वाटणी आमच्या भागात पक्की होती. लग्न, जत्रा, पोळा, कुस्त्यांचा फड, मयत, दवंडी, कशालाही बोलावणे आले की जावे लागे. नाही म्हणण्याची सोय नव्हती. मोबदला म्हणून सुगीला बलुते आणि कार्याच्या दिवशी उरलेसुरले अन्न. देवाला वाद्य हवे, पण वाजवणारा देवळाच्या पायरीखाली. कातड्याला हात लावतो म्हणून तो विटाळाचा. त्याच कातड्याचा नाद मात्र मंगल! ह्या ढोंगाचा अर्थ आमच्या आजोबांच्या पिढीलाही कळत होता. पण पोट गावाच्या हाती होते.

१९२८ साली बाबासाहेबांनी मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले, तेव्हापासून ह्या गुलामीच्या मुळावर घाव पडू लागले. १९५८ सालच्या कायद्याने मुंबई राज्यातली कनिष्ठ गाववतने कागदावर रद्द झाली. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर बौद्ध झालेल्या बांधवांनी आमच्या भागात गावचे वाजवणे बंद केले, आणि त्याची किंमत बहिष्काराने मोजली. मातंग आणि होलार वस्त्यांत वाजवणे चालू राहिले. गावाने ह्याचा फायदा उठवला. “ते माजले, तुम्ही चांगले” असे म्हणत एका वस्तीला दुसरीविरुद्ध उभे केले. हा इतिहास लक्षात ठेवल्याशिवाय बँडाकडे पाहता येत नाही.

बँड आला तो लष्करी छावण्यांतून. पुणे, खडकी, अहमदनगर, देवळाली इथल्या पलटणींचे बँड असत. संस्थानिकांनीही हौसेने तसे बँड पदरी ठेवले. पलटणीतून सुटलेले वादक शहरांत आले, त्यांच्याकडून इतर शिकले. वाद्ये मेरठहून येत. तिथली जली कोठी ही वस्ती पितळी वाद्यांच्या कारखान्यांसाठी प्रसिद्ध आहे आणि नादिर अली यांची कंपनी तिथे १८८५ पासून आहे. आमच्या बँडातल्या युफोनियमवर मेरठचाच शिक्का होता. तीन ठिकाणी डाग देऊन ते जोडलेले होते.

बँडने आमच्या वडिलांच्या पिढीला काय दिले? पहिली गोष्ट, रोख पैसा. हलगी वाजवायला गावचा माणूस हाक मारी; बँडला मात्र विसार द्यावा लागे. बोली व्हायची, सुपारी ठरायची, तारीख वहीत लिहिली जायची. म्हणजे नाही म्हणण्याचा अधिकार आला. दुसरी गोष्ट, गणवेश. लाल कोट, खांद्यावर सोनेरी झालर, डोक्याला टोपी. मे महिन्यात त्या कोटाने जीव नकोसा होई. पण अंगावरच्या कपड्यावरून ज्यांची जात ओळखली जाई, त्यांना पहिल्यांदा गावात अख्खा कोट घालून मधल्या रस्त्याने चालता आले. हे लहान वाटेल. ज्यांना ते मिळाले नव्हते त्यांना लहान वाटत नव्हते.

आता बँड चालतो कसा, ते पाहू. आमच्या बँडात अठरा माणसे होती. पुढे मास्तर, तो ट्रंपेट वाजवी. त्याच्यामागे दुसरा ट्रंपेट, आम्ही तीन क्लॅरिनेटवाले, एक सॅक्सोफोन, दोन युफोनियम, एक मोठा बेस, मग साईड ड्रम, ढोल, झांज आणि खुळखुळा. रात्रीच्या वरातीला डोक्यावर बत्त्या घेणाऱ्या बाया असत. त्यांना बँडात कुणी मोजत नसे, आणि मजुरीही सर्वांत कमी त्यांचीच. जातीने पाहिले तर मातंग आणि होलार अधिक, दोघे बौद्ध, तिघे मुसलमान आणि एक गुरव. गुरव क्लॅरिनेटवाला आमच्यात उत्तम वाजवी; जेवायला मात्र थोडा बाजूला बसे. बाकीचे त्यावर हसत. तो विनोद नव्हता हेही सर्वांना माहीत होते.

मालक वेगळा, मास्तर वेगळा. वाद्ये, गणवेश आणि टेंपो मालकाचा. गाणी बसवणे मास्तराचे. तुळशीच्या लग्नानंतर लगीनसराई सुरू होई ती आषाढ लागेपर्यंत. चातुर्मासात काम नाही. गणपती आणि नवरात्राचे काही दिवस तेवढे मिळत. त्या महिन्यांत कुणी वीटभट्टीवर जाई, कुणी केकताडाचे दोर वळी, कुणी केरसुण्या बांधी. ह्याच काळात मालकाकडून उचल घेतली जाई. उचल घेतलेला वादक पुढच्या सराईत दुसऱ्या बँडात जाऊ शकत नसे. बलुत्यातून सुटलेला माणूस असा उचलीत अडके. ऊसतोड कामगाराची उचल आपण शोषण म्हणून ओळखतो. वादकाची उचल आपल्या एकाही मागणीपत्रकात मी पाहिलेली नाही.

आता विद्येविषयी. लोक म्हणतात, बँडवाला काय, सिनेमाचे गाणे जसेच्या तसे वाजवतो. हे म्हणणाऱ्याने एकदा गाणे बसवताना पाहायला हवे.

आमच्या काळी गाणे मिळे ते रेडिओवर. बुधवारी रात्री रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला लागे. मास्तर हॉटेलातल्या रेडिओजवळ वही घेऊन बसे. गाणे आठवड्यातून एकदाच ऐकू येणार. तेवढ्यात मुखडा सरगमीत उतरवायचा. पुढच्या बुधवारी अंतरा. मधले संगीत तिसऱ्या बुधवारी. त्याला इंग्रजी नोटेशन वाचता येत नव्हते, शाळा चौथीपर्यंतच. पण त्याच्या वहीत शेकडो गाणी होती. १९८० नंतर कॅसेट आली आणि गाणे पुन्हा पुन्हा ऐकता येऊ लागले, तेव्हा तो म्हणाला, “आता कान आळशी होणार.”

सूर सापडले म्हणजे काम संपत नाही. सिनेमात पन्नास-साठ वादक असतात. व्हायोलिनचा ताफा असतो, सतार, बासरी, गायिकेचा आवाज. ते सारे अठरा माणसांत, चालता चालता, उघड्या रस्त्यावर उभे करायचे. त्यासाठी वाटणी लागते. लताबाईंच्या गाण्यातली हरकत ट्रंपेटवर येत नाही, ती क्लॅरिनेटकडे द्यायची. समूहगान ट्रंपेटना. व्हायोलिनची लांबलचक धाव एका क्लॅरिनेटच्या श्वासात बसत नाही, म्हणून ती दोघांत तोडायची; एकाचा श्वास संपण्याआधी दुसऱ्याने उचलायचे आणि सांधा ऐकू येऊ द्यायचा नाही. गायक दोन ओळींमध्ये थांबतो तिथे युफोनियमवाल्याने स्वतःच्या मनाने भरणा करायचा. हा भरणा मूळ गाण्यात नसतो. तो त्या वादकाचा.

पट्टीचा प्रश्न वेगळाच. बँडातले ट्रंपेट आणि क्लॅरिनेट बहुधा बी फ्लॅटचे असते. पेटीवर जिला काळी पाच म्हणतात ती ही पट्टी. ट्रंपेटला पिस्टन तीनच. त्यांच्या दाबण्या-सोडण्याच्या आठ जुळण्या होतात, त्यांतल्या दोन जवळजवळ एकच स्वर देतात, उरल्या सात. बाकीचे सारे स्वर ओठांच्या ताणावर काढायचे. म्हणून मूळ गाणे कोणत्याही पट्टीत असो, आमच्याकडे ते काळी पाच, काळी दोन किंवा पांढरी चारमध्ये बसवले जाई. मींड हवी असेल तर पिस्टन अर्धा दाबून स्वर घसरवायचा. हे कुठल्या पुस्तकात वाचून आम्ही शिकलो नव्हतो. मास्तराच्या बोटांकडे पाहून शिकलो.

ताल तर सर्वस्वी आमचा. हलगीवर लग्नाचा ठेका वेगळा, कुस्तीचा वेगळा, जत्रेचा वेगळा. वडिलांच्या पिढीने हे ठेके साईड ड्रम आणि ढोलावर आणले. सिनेमाचे गाणे लष्करी चालीत सुरू होई आणि नाच रंगात आला की नकळत हलगीच्या ठेक्यावर उतरे. नाचणाऱ्या पाटलाच्या पोरांना वाटे आपण सिनेमाच्या गाण्यावर नाचतो आहोत. त्यांच्या पायांना ओढीत होती ती आमच्या आजोबांची हलगी.

नक्कल ह्या शब्दाचाही एकदा हिशेब व्हायला हवा. १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटातली बीन सर्वांना ठाऊक आहे. वरातीत ती वाजली नाही असे सहसा होत नाही. ती मुळात गारुड्याची पुंगी नव्हतीच. कल्याणजींनी ती क्लॅव्हायोलिन ह्या विजेच्या वाद्यावर वाजवली होती. म्हणजे सिनेमाने पुंगीची नक्कल केली आणि आम्ही त्या नकलेची नक्कल क्लॅरिनेटची भोके अर्धी झाकून केली. पहिल्या नकलेला कल्पकता म्हणायचे आणि दुसरीला चोरी, हा न्याय कोणता? मुंबईच्या सिनेसंगीतातला पितळी वाद्यांचा आवाजही बऱ्याच अंशी गोव्याकडच्या वादकांनी दिला. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’मध्ये (१९५१) चिक चॉकलेट हे ट्रंपेटवादक होते. शंकर-जयकिशन यांच्या गाण्यांची वाद्यरचना सॅबेस्टियन डिसोझा करीत. प्यारेलाल यांचे वडील रामप्रसाद शर्मा हे स्वतः ट्रंपेट वाजवीत आणि शिकवीत. छावणीतून आणि चर्चमधून निघालेले पितळ सिनेमात गेले, आणि सिनेमातून रस्त्यावर आमच्या ओठांशी आले. ह्या साखळीतल्या इतरांची नावे आज ग्रंथांत सापडतात. शेवटच्या कडीचे नाव कुठेच नाही.

कायद्यातही हेच दिसते. आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात १९९४ साली एक तरतूद आली. तिच्यानुसार धार्मिक समारंभात वाजवलेल्या गाण्याने हक्काचा भंग होत नाही, आणि अशा समारंभात लग्नाची मिरवणूकही धरलेली आहे. म्हणजे बँडवाल्याला चोर म्हणायला कायदाही तयार नाही. पण त्याने केलेल्या रचनेवर त्याचा काही हक्क असू शकतो, हे कुणाच्या ध्यानीमनी आलेले नाही.

आता ज्या वरातीपुढे ही विद्या चालते, तिथे जात कशी वागते तेही सांगायला हवे. मंगलाष्टके चालू असताना बँड मांडवाबाहेर उभा असतो. आतले काही दिसत नाही. शेवटचे मंगलाष्टक संपता क्षणी बँड कडाडला पाहिजे, नाहीतर अपशकुन. म्हणून एक पोरगा मांडवाच्या तोंडाशी रुमाल घेऊन उभा केला जाई. रुमाल हलला की आम्ही सुरू. बारा वर्षांत मी शेकडो लग्ने वाजवली आणि एकही लागताना पाहिले नाही. जेवण शेवटच्या पंगतीला, पुष्कळदा मांडवाच्या मागे.

आणि ओवाळणी. नवरदेवावरून नोट ओवाळतात आणि वादकाकडे टाकतात. काहीजण नोट दातांत धरतात आणि वादकाने ती तोंडाने घ्यावी म्हणून हटून बसतात. लोक ह्याला बक्षीस समजतात. थोडा विचार केला तर ओवाळणे म्हणजे काय? माणसावरची इडापिडा काढून दुसऱ्यावर टाकणे. भाकरतुकडा ओवाळून टाकायचा, त्याच जातीची ही क्रिया आहे. मोबदला बोलीचा असला तरी ओवाळणीच्या रूपाने बलुते मागच्या दाराने परत आले. आमच्यातले काहीजण ती नोट हाताने घेत, तोंडाने घेत नसत. एवढ्यावरूनही वरातीत भांडणे झाली आहेत.

सर्वांत मोठी विसंगती पुढेच आहे. गावभरच्या वराती मारुतीपर्यंत नेणारा हा वादक, त्याच्या स्वतःच्या मुलाची वरात त्या रस्त्याने नेऊ शकत नसे. १९८० च्या मे महिन्यात कुमाऊंतल्या कफल्टा गावी दलितांच्या वरातीवर हल्ला झाला आणि चौदा माणसे मारली गेली. देवळापुढून जाताना नवरदेव पालखीतून उतरला नाही, एवढेच निमित्त. आमच्या गावात रक्त सांडले नाही. आमच्या वराती वस्तीतल्या वस्तीत फिरून परत येत, म्हणून सांडले नाही.

चळवळीचे आणि बँडचे नातेही सरळ नाही. चौदा एप्रिल नेमका लगीनसराईत येतो. १९८४ साली आमच्या बँडातल्या तरुणांनी मागणी केली की त्या दिवशी लग्नाची सुपारी घ्यायची नाही, भीमजयंतीच्या मिरवणुकीत वाजवायचे. मालक म्हणाला, तीन लग्नांचा विसार घेतलाय. म्हातारे वादक मालकाकडे झुकले. त्यांच्यावर उचल होती. रात्रभर वाद झाला. शेवटी बँड दुभंगला, नऊ माणसे लग्नाला, नऊ मिरवणुकीला. जयंतीत वाजवणाऱ्या नवांत पाच मातंग होते. त्या दिवशी आम्ही पहिल्यांदा मारुतीपुढून वाजवीत गेलो. वाजवली ती सिनेमाच्याच चालीवरची भीमगीते. आंबेडकरी गायकांनी प्रचलित सिनेमाच्या चाली घेऊन त्यांवर आपले शब्द बसवले, हे सर्वश्रुत आहे. चाल लोकांच्या ओठांवर आधीच असते, शब्द पोहोचवायला तीच वाट सोपी. उसन्या चालीने चळवळीचे काम केले असेल, तर उसने गाणे वाजवणाऱ्याला कमी लेखण्याचे आपल्याला कारण नाही.

आज हे सारे ओसरते आहे. आधी कॅसिओ आला आणि तीन क्लॅरिनेटची गरज संपली. मग ट्रॉलीवर कर्णे आणि गायक आले. पुढे डॉल्बी आणि डीजे आले. एक माणूस, एक यंत्र आणि मूळ गाणे जसेच्या तसे. ध्वनिप्रदूषणाचे नियम २००० साली आले. निवासी भागात दिवसा पंचावन्न डेसिबलची मर्यादा आहे, ती कुणी पाळत नाही. २०१६ च्या ‘सैराट’च्या संगीतासाठी लॉस एंजेलिसमध्ये मोठा वाद्यवृंद ध्वनिमुद्रित केला गेला. ती गाणी गावोगावच्या वरातीत दुमदुमली, पण बहुतेक ठिकाणी पेटीतून. त्यांचे तुकडे पाडून अठरा जणांत वाटायला मास्तर उरला नव्हता. २०२० च्या टाळेबंदीत ऐन सराईत वराती थांबल्या. त्यानंतर माझ्या ओळखीच्या दोन बँडांनी वाद्ये मोडीत घातली. पितळ किलोवर गेले.

ह्याचे दुःख करताना एक सावधगिरी हवी. वादकाच्या मुलाने वादकच व्हावे, असे मी म्हणणार नाही. माझ्या मुलांनी वाद्य धरले नाही याचा मला खेद नाही. परंपरेच्या नावाने आपल्याला पुन्हा त्याच कामाला जुंपू पाहणाऱ्यांपासून दूर राहिले पाहिजे. पण दुसरी बाजूही पाहावी. पुण्या-मुंबईच्या ढोल-ताशा पथकांत शिकली-सवरलेली मुले-मुली महिनोन्‌महिने सराव करतात आणि अभिमानाने ढोल कमरेला बांधतात. तेच वाद्य, तोच घाम. त्यांना विटाळ होत नाही, कारण त्यांना कुणी जातीने बोलावलेले नाही आणि उद्या ते नाही म्हणू शकतात. म्हणजे हीनपणा वाद्यात नव्हता, कातड्यात तर नव्हताच. तो सक्तीत होता. सक्ती मोडणे हे चळवळीचे काम होते आणि ते तिने बऱ्याच अंशी केले. विद्या वाचवणे हेही तिचेच काम आहे, कारण दुसरे कुणी ते करणार नाही. भारतातल्या लग्नाच्या बँडांवर ‘ब्रास बाजा’ हे पुस्तक २००५ साली आले. ते लिहिणारे ग्रेगरी बूथ न्यूझीलंडच्या ऑकलंड विद्यापीठातले. आपल्या विद्यापीठांत दलित लोककलांवर प्रबंध होतात. त्यांत बँड शोधून पाहावा.

करण्याजोगे पुष्कळ आहे आणि त्याला फार पैसा लागत नाही. तालुक्याच्या गावी अजून एखादा म्हातारा मास्तर असतो. त्याच्या ट्रंकेत सरगमीच्या वह्या असतात. विद्यार्थ्यांनी त्या वह्यांची छायाचित्रे घ्यावीत, त्याच्याकडून एक गाणे कसे वाटले ते वाद्यागणिक विचारून लिहून ठेवावे, हलगीचे ठेके ध्वनिमुद्रित करावेत, आणि प्रत्येक नोंदीवर वादकाचे पूर्ण नाव घालावे. शिक्षकांनी शाळेच्या बँडपथकाला शिकवायला ह्याच माणसांना, मानधन देऊन, बोलवावे. पोलीस भरतीत बँड्समनची पदे निघतात. वस्तीतल्या पोरांना ती माहीत करून द्यावीत. कार्यकर्त्यांनी उचलीचा प्रश्न मजुरीचा प्रश्न म्हणून हाती घ्यावा, आणि बत्तीवाल्या बायांना त्यात विसरू नये. जयंतीच्या मिरवणुकीत डॉल्बीऐवजी बँड लावावा, ठरलेले पैसे आधी द्यावेत आणि वादकांना पहिल्या पंगतीला बसवावे.

आमचा मास्तर १९९७ साली वारला. त्याच्या चार वह्या त्याच्या सुनेने जपून ठेवल्या होत्या, त्या मी मागून आणल्या. कागद पिवळा पडला आहे, शाई फिकटली आहे, पण सरगम वाचता येते. गाण्याच्या नावापुढे संगीतकाराचे नाव लिहिण्याची त्याला सवय होती. त्याचे स्वतःचे नाव चारही वह्यांत कुठे नाही. वह्यांची यादी करताना पहिल्या पानावर मी ते लिहिले.